चहाच्या टेबलावरचे प्रश्न सभागृहात कसे आणायचे

पीएच.डी.ची मुलं सेमिनारला प्रश्न विचारत नाहीत, त्यांना प्रश्नच पडत नाहीत, असं स्टाफरूममध्ये सर्रास बोललं जातं. यातली पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी अजिबात नाही. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाचा शुक्रवारचा सेमिनार मी सांभाळते. व्याख्यान संपल्यावर बाहेर चहाच्या टेबलापाशी जरा कान देऊन उभं राहावं. "अरे, त्या तिसऱ्या ग्राफला कंट्रोल (तुलनेसाठीचा गट) कुठे होता?" "सगळी सॅम्पल एकाच साइटवरची होती का गं?" "मला तर वाटलं त्यांनी कारण आणि परिणाम उलटेच धरलेत." असं बरंच काही ऐकू येतं. प्रश्न नेमके असतात, आणि दहा मिनिटांपूर्वी पाहुणे समोर उभे असताना याच मुलांच्या तोंडून शब्द फुटलेला नसतो.

तेव्हा मुलांच्या डोक्यात प्रश्न घालण्याचं काम आपल्यावर नाहीच. आहे तो प्रश्न चहाच्या टेबलावरून माइकपर्यंत यावा एवढी सोय करायची आहे, आणि ती करणं सर्वस्वी आयोजकाच्या आणि गाइडच्या हातात आहे. "विचारा, विचारा, घाबरू नका" असं पन्नास वेळा म्हणून ती होत नाही. मी काय करते ते सांगते. विभाग वेगळा असला तरी बहुतेक गोष्टी तुमच्याकडेही जमतील.

मुलं गप्प का बसतात, ते आधी नीट समजून घेऊ. घरी मोठ्या माणसांच्या मध्ये बोलायचं नाही, शाळेत तोंड वर करून विचारायचं नाही, कॉलेजात कुणी हात वर केलाच तर मागच्या बाकावरून "आला शहाणा" ऐकून घ्यायचं. हे सगळं पार करून मूल संशोधनाला येतं, तेव्हा भीती जात नाही, फक्त तिचं रूप बदलतं. प्रश्न बाळबोध निघाला तर गाइडची मान खाली जाईल. हेच पाहुणे पुढे माझ्या प्रबंधाचे परीक्षक म्हणून आले तर? वाक्य इंग्रजीत जुळवता जुळवता अडकलं तर? आमच्याकडे बरीचशी मुलं तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली आहेत, आणि ही शेवटची भीती त्यांच्यात सगळ्यात मोठी आहे. यातली एकही भीती खोटी नाही. म्हणून उपदेश करण्याऐवजी प्रत्येक भीतीसाठी काहीतरी ठोस व्यवस्था करावी लागते.

तयारी बुधवारी

व्याख्यानाचा सारांश आणि पाहुण्यांचा एकच शोधनिबंध मी सोमवारी सगळ्यांना पाठवते. तीन-चार पाठवले तर कुणी एकही उघडत नाही. बुधवारी दुपारी अर्धा तास मुलं एकत्र बसून तो निबंध चाळतात. या बैठकीला शिक्षकांनी जायचं नाही, मीही जात नाही. शेवटच्या वर्षातला एखादा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक (पीएच.डी. झालेला तरुण संशोधक) ती चालवतो. सगळा निबंध समजावा अशी अपेक्षा नसते. आकृत्या बघायच्या, पद्धतीचा भाग वाचायचा आणि उठताना प्रत्येकाने एका कार्डावर एक प्रश्न लिहायचा. कार्ड स्वतःजवळच ठेवायचं, कुणाला दाखवायची सक्ती नाही.

कागदावर लिहिलेल्या प्रश्नाचा फार आधार वाटतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची एक गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत आहे. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा, जगभर नाव असलेला माणूस सहीच्या बदल्यात प्रश्न मागायचा. मला त्यात मोठी समज दिसते. गर्दीत, समोरासमोर, त्या क्षणी मुलाला काही सुचणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. घरी जाऊन, विचार करून, आपल्या शब्दांत लिहायला त्यांनी वेळ दिला. आमच्या कार्डांमागे तोच विचार आहे.

नव्या मुलांना "प्रश्न लिही" म्हटलं की ती फार मोठं काहीतरी शोधायला लागतात. पाहुण्यांच्या सिद्धान्तालाच धक्का बसावा असं काहीतरी. तसलं शुक्रवारी साडेतीन वाजता कुणालाच सुचत नाही. लहान प्रश्न कसे असतात ते त्यांना दाखवावं लागतं. मी जूनमध्ये नवी तुकडी आली की एक तास यासाठीच देते, आणि तो तास जवळजवळ सगळा एका प्रश्नावर घालवते: "हे एरर बार स्टँडर्ड डिव्हिएशनचे आहेत की स्टँडर्ड एररचे?"

एरर बार म्हणजे आलेखात सरासरीच्या वर-खाली काढलेली दांडी. हा प्रश्न एम.एस्सी.च्या मुलालाही विचारता येतो, आणि तो किती आतपर्यंत जातो ते फळ्यावर दाखवता येतं. समजा पंचवीस रोपांची उंची मोजली. स्टँडर्ड डिव्हिएशन म्हणजे रोपारोपांत किती फरक आहे ते. स्टँडर्ड एरर म्हणजे आपण काढलेली सरासरी किती नेमकी आहे ते. तो काढायचा तर स्टँडर्ड डिव्हिएशनला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. पंचविसाचं वर्गमूळ पाच. म्हणजे त्याच रोपांसाठी, त्याच मोजमापांसाठी एरर बार पाचपट आखूड होतो. आकृतीखाली काय लिहिलंय ते वाचलं नाही तर विस्कळीत दिसणारी माहिती एकदम नेटकी वाटायला लागते. मी फळ्यावर एकाच माहितीचे दोन आलेख शेजारी शेजारी काढते आणि विचारते, यातल्या कुठल्या आलेखावर तुमचा विश्वास बसतो? मुलं आखूड दांड्यांच्या आलेखाकडे बोट दाखवतात. मग दोन्हींची माहिती एकच आहे हे सांगते. त्या दिवसापासून निदान दोघं-तिघं तरी प्रत्येक व्याख्यानात आकृतीखालची ओळ वाचायला लागतात, आणि एकदा वाचायला लागलं की प्रश्न आपोआप हाताशी येतो.

याशिवाय चार-सहा प्रश्न त्यांच्या वहीत असू द्यावेत. सॅम्पल किती आणि ती कशी निवडली? कंट्रोल काय होता? हे वर्ष पावसाचं होतं की कोरडं, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा करून पाहिलं का? तुमचं म्हणणं चुकीचं असतं तर आलेख कसा दिसला असता? आणि सगळ्यांत साधा, सगळ्यांत दुर्मीळ: "चौथ्या स्लाइडवर उभ्या अक्षावर काय आहे, मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का?" हा शेवटचा प्रश्न विचारायला मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण तो एकाने विचारला की वहीत मान खाली घालून बसलेल्या निम्म्या सभागृहाच्या माना वर होतात.

सभागृहातली मांडणी

आपल्याकडच्या सभागृहात पहिल्या रांगेत सोफे असतात. तिथे विभागप्रमुख, ज्येष्ठ प्राध्यापक, निमंत्रित. त्यांच्यामागे बाकीचे शिक्षक. मुलं शेवटच्या तीन रांगांत, दाराजवळ. तिथून प्रश्न विचारायचा म्हणजे सगळ्या शिक्षकांच्या डोक्यांवरून विचारायचा, आणि सगळी डोकी मागे वळून बघणार. मी सोफे भिंतीकडेला सरकवून घेतले आणि पहिल्या दोन रांगा विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या. सुरुवातीला ज्येष्ठांना हे रुचलं नाही. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की सेमिनार मुलांसाठी आहे, आणि तुम्ही मागे बसलात तर ती बोलतील. कुरकूर झाली, पण बसले.

दुसरी गोष्ट समारंभाची. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पाहुण्यांच्या पुरस्कारांची यादी असलेला दीड पानांचा परिचय. मला पाहुण्यांचा आदर करायचा आहेच, तो मी जेवताना करते. पण सभागृहात पहिली पंधरा मिनिटं एका माणसाच्या मोठेपणाचं वाचन झालं, तर त्याला "तुमचा कंट्रोल कुठे आहे?" असं विचारायची कुणाची हिंमत होईल? शिवाय तीच पंधरा मिनिटं शेवटी कमी पडतात, आणि "वेळेअभावी आपण फक्त एकच प्रश्न घेऊ" हे ठरलेलं वाक्य येतं. तो एकच प्रश्न कुणाचा असणार, हेही ठरलेलंच असतं. आमच्याकडे परिचय दोन मिनिटांचा: नाव, कुठे काम करतात, कुठला प्रश्न त्यांना सतावतो. परिचय करून द्यायचं काम दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याचं. ज्या तोंडाने एकदा माइकवर नाव घेतलं, ते तोंड शेवटी पुन्हा उघडायला कमी घाबरतं.

एक तासाचा सेमिनार असेल तर व्याख्यान चाळीस मिनिटं. हे पाहुण्यांना पत्रात लिहायचं, फोनवर सांगायचं आणि पस्तिसाव्या मिनिटाला समोर पाटी धरायची. बहुतेक जण ऐकतात. न ऐकणाऱ्यांना थांबवावंच लागतं. पाहुण्यांना थांबवणं उद्धटपणाचं वाटतं, मलाही ते अवघड जातं, पण त्या वेळेवर मुलांचा हक्क आहे असं मी मानते.

पाच मिनिटांची सुट्टी

मला एकच गोष्ट करायची मुभा दिली, तर मी हीच करीन. व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या की लगेच प्रश्न घेत नाही. पाच मिनिटं सुट्टी. चहाची किटली आत आणायची, कप जागेवर फिरवायचे, आणि सांगायचं: "शेजारच्याशी बोला. काय पटलं, काय कळलं नाही, ते एकमेकांना सांगा." मुलं बाहेर जाऊन जे बोलणार असतात ते आतच बोलतात. प्रश्न एकदा मित्राला सांगून झाला की तो बाळबोध आहे की नाही हे कळतं. आणि बहुतेक वेळा मित्र म्हणतो, "अरे, मलाही तेच कळलं नाही, विचार ना."

एका पावसाळ्यात बंगळूरूहून एक संशोधक आल्या होत्या. विषय होता साताऱ्याकडच्या सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या वनस्पती. जांभ्याचा खडक, त्यावर बोटभर माती, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं यांचे गालिचे. त्यांनी कुंपण घालून चराई बंद केलेल्या तुकड्यांमध्ये क्वाड्रॅट (ठरावीक मापाच्या चौकटी) टाकून जाती मोजल्या होत्या. व्याख्यान सुरेख झालं. सुट्टीत मी किटली घेऊन फिरत होते, तेव्हा पहिल्या वर्षातला एक मुलगा शेजारणीला हळू आवाजात सांगत होता, "आमच्याकडं सड्यावर गुरं गेली नाहीत तर गवत माजतं. आजोबा म्हणायचे, गुरं फिरली तरच फुलं दिसतात." ती म्हणाली, "हे विचार." तो म्हणाला, "हे काय सायन्स आहे का?" मी कपात चहा ओतला आणि म्हटलं, "कुंपणाबाहेर क्वाड्रॅट घेतलेत का, एवढंच विचार. बाकीचं मागून सांग."

त्याने विचारलं, मराठीत. पहिल्या वाक्याला आवाज कापत होता. माझ्या एका सहकाऱ्यांनी इंग्रजीत सांगितलं. पाहुण्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की कुंपणाबाहेरचे क्वाड्रॅट आहेत पण थोडे, आणि एकाच हंगामातले. मग त्यांनीच उलट विचारलं, तुझं गाव कुठलं, गुरं कधी सोडतात, पेरणीआधी की नंतर? पुढची दहा मिनिटं तो मुलगा सांगत होता आणि त्या वहीत लिहून घेत होत्या. पुढच्या पावसाळ्यात त्या सड्यावर गेल्या तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता.

मुलांना वाटतं की आपल्याला घरून, गावाकडून जे माहीत आहे ते सेमिनारमध्ये चालत नाही. वनस्पतिशास्त्रात, शेतीशास्त्रात, भूगोलात, समाजशास्त्रात ते चालतंच, आणि पुष्कळदा पाहुण्यांकडे नेमकं तेच नसतं. फक्त ते प्रश्नाच्या साच्यात बसवायला आपण मदत करायची.

पहिला प्रश्न कुणाचा

आमचा नियम असा की पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे, आणि त्यातला पहिला शक्यतो मुलीचा. हे मी मनाने ठरवलेलं नाही. अलेशिया कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० देशांतल्या ३५ संस्थांमधले सुमारे २५० सेमिनार पाहून २०१८ मध्ये "प्लॉस वन" या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. श्रोत्यांतलं स्त्रियांचं प्रमाण लक्षात घेऊनही त्यांचे प्रश्न पुरुषांपेक्षा बरेच कमी होते, आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर ही तफावत आणखी वाढायची. आमच्या विभागात मुली जास्त आहेत, तरी नियम करण्याआधी सभागृहात मुलांचेच आवाज ऐकू यायचे. पहिला हात कुणाचा स्वीकारायचा एवढी एक गोष्ट बदलली आणि चित्र बरंच बदललं.

आता तो अवघड क्षण. "प्रश्न?" असं विचारलं आणि कुणीच हात वर केला नाही. आयोजक दोन सेकंद थांबतात, अस्वस्थ होतात, आणि स्वतःच प्रश्न विचारून मोकळे होतात किंवा एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाकडे बघतात. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी शाळांमधल्या तासांचं ध्वनिमुद्रण करून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात, आणि मुलांचे स्वतःचे प्रश्नही वाढतात. त्यांचं हे काम १९७४ साली प्रसिद्ध झालं, तरी आपल्याकडे ते फारसं मुरलेलं दिसत नाही. मी मनात दहा आकडे मोजते. सात-आठपर्यंत शांतता असह्य होते, आणि तेवढ्यात कुठेतरी हात वर होतो. झाला नाही तर म्हणते, "कार्डावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवेल का?" वाचून दाखवणं हे विचारण्यापेक्षा खूप सोपं असतं.

अचानक नाव घेऊन मुलाला उभं करू नये, असं माझं ठाम मत आहे. मॉस्कोत इस्राइल गेल्फांड यांचा गणिताचा सेमिनार १९४३ पासून कितीतरी दशकं चालला. ते श्रोत्यांतल्या एखाद्याला, पुष्कळदा तरुण विद्यार्थ्याला, व्याख्यानाच्या मध्येच सांगायला लावत की आत्ता जे झालं त्यातलं तुला काय कळलं. त्यातून थोर गणिती घडले, पण तिथलं वातावरण कठोर होतं हेही सगळे सांगतात. त्यातली घेण्याजोगी गोष्ट ही की ऐकणाऱ्यावर काहीतरी जबाबदारी टाकावी. ती मी आधी सांगून टाकते: "या शुक्रवारी तुम्हा दोघांची पाळी." बुधवारच्या बैठकीत मित्रांच्या मदतीने ते तयारी करतात. पाळी असलेला विद्यार्थी विचारतो तेव्हा मित्रांना तो पुढे पुढे करतोय असं वाटत नाही, कारण पाळीच त्याची असते. आपल्याकडे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

प्रश्न मराठीत चालेल, हे सुरुवातीलाच माइकवरून सांगायचं. कुणी भाषांतर करायचं तेही आधीच ठरवायचं, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होत नाही. भाषांतर करणाऱ्याने प्रश्न सुधारून, सजवून सांगू नये. मुलाने विचारला तेवढाच सांगावा. आपला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी भारी झालेला ऐकला की मुलाला वाटतं, माझा साधा प्रश्न पुरेसा नव्हता.

शिक्षकांशी बोलणं

सगळ्यांत कठीण भाग हा, कारण इथे आपलेच लोक बदलायचे आहेत. प्रश्न म्हणून माइक घ्यायचा आणि पाच मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं, ही सवय पुष्कळांना आहे. मी सहकाऱ्यांना सेमिनारच्या वेळापत्रकाबरोबरच कळवते की शिक्षकांचे प्रश्न विद्यार्थ्यांच्या नंतर, आणि टिप्पणी चहाला. तरीही कुणी लांबण लावलीच तर "सर, यातला प्रश्न कोणता घेऊ?" असं नम्रपणे पण लगेच विचारते.

गाइडची भूमिका याहून नाजूक आहे. मूल प्रश्न विचारताना पाहुण्यांकडे एकदा बघतं आणि गाइडच्या चेहऱ्याकडे दोनदा. गाइडने कपाळाला आठी घातली की ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही. "तू तिथे काय विचारलंस ते? आपल्या लॅबचं नाव..." हे वाक्य मी कॉरिडॉरमध्ये ऐकलं आहे, आणि ते ऐकून पलीकडच्या लॅबमधली मुलंही गप्प झालेली पाहिली आहेत. आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न ही आपल्या इभ्रतीची परीक्षा नाही, एवढं गाइडने स्वतःला समजावलं तरी पुष्कळ झालं. उलट सोमवारी लॅबमध्ये त्या प्रश्नावर पाच मिनिटं बोला. नुसतं "छान विचारलंस" पुरत नाही, कारण ते सगळ्यांनाच म्हटलं जातं. "तू चराईचं विचारलंस म्हणून त्यांच्या सॅम्पलिंगमधली पोकळी कळली" असं नेमकं सांगा. तसं सांगितलेलं मूल विसरत नाही.

कधी पाहुणेच झटकून टाकतात. "हे तर बी.एस्सी.ला शिकवतात." सभागृहात हशा पिकतो, आणि त्या हशाबरोबर पुढचे सगळे प्रश्न संपतात. इथे आयोजकाने त्याच क्षणी मध्ये पडायला हवं, नंतर मुलाची समजूत काढून उपयोग नाही. मी उभी राहते आणि म्हणते, "सर, या प्रश्नाचं उत्तर मलाही ऐकायचं आहे, जरा सविस्तर सांगा." पाहुण्यांना सांगावंच लागतं, आणि प्रश्न आता एकट्या मुलाचा राहत नाही. हशात सामील झालेल्या शिक्षकांशी मी त्याच दिवशी, एकांतात बोलते.

प्रश्नांना गुण देऊ नका. हजेरीसारखे प्रश्न मोजायला लागलात की "सर, युअर फ्यूचर प्लॅन?" याच्या पलीकडे काही ऐकू येणार नाही. ऑनलाइन व्याख्यान असेल तर प्रश्न चॅटमध्ये लिहू द्या, पण स्वतः वाचून दाखवू नका. ज्याने लिहिलाय त्याचं नाव घेऊन त्याला माइक सुरू करायला सांगा, तो नको म्हणाला तरच तुम्ही वाचा.

पाहुण्यांचं दुपारचं जेवण विद्यार्थ्यांबरोबर ठेवा, शिक्षकांशिवाय, आणि शक्यतो व्याख्यानाच्या आधी. आमच्याकडे कँटीनमध्ये सहा-सात मुलं पाहुण्यांबरोबर जेवतात. तिथे पाहुणे त्यांच्या पीएच.डी.च्या काळातल्या फसलेल्या प्रयोगांबद्दल बोलतात, मुलांच्या कामाची चौकशी करतात, भाकरी मागून घेतात. साडेतीनला सभागृहात समोर उभा राहणारा माणूस मग अनोळखी राहत नाही. शिक्षक बरोबर बसले की हे सगळं थांबतं, मुलं वाढायला उठतात आणि गप्पा विद्यापीठाच्या राजकारणाकडे वळतात.

एक जागा अजून राहिली, पीएच.डी.ची मौखिक परीक्षा. ती खुली असते, संशोधक विद्यार्थी तिथे श्रोते म्हणून हजर राहू शकतात, श्रोत्यांना प्रश्नही विचारता येतात. पण बहुतेक ठिकाणी तोवर पेढे आलेले असतात, घरची मंडळी मागे बसलेली असतात, आणि मित्राला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या आनंदात विघ्न आणणं असं मुलांना वाटतं. म्हणून मी परीक्षेची नोटीस लागली की प्रबंधाची एक प्रत वाचनकक्षात ठेवते आणि ज्याची परीक्षा आहे त्यालाच सांगते की दोन ज्युनियर निवड आणि एकेक प्रकरण त्यांना वाचायला दे. परीक्षेत ते दोघं त्यांच्या प्रकरणावर विचारतात. ज्याची परीक्षा असते त्याला तोवर आपल्या कामाची इतकी माहिती असते की तो खुशीत उत्तर देतो, बहिःस्थ परीक्षक मान डोलावतात, आणि ज्युनियरला कळतं की तीन वर्षांनी आपण तिथे उभे असू तेव्हा असंच कुणीतरी विचारणार आहे. ही प्रत वाचनकक्षात निदान दहा दिवस आधी पोहोचायला हवी, आदल्या दिवशी ठेवून काही होत नाही.